झुलीखालचा खांदा

माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात लिनोचा एक ब्लॉक आहे. बारा बाय अठरा इंचांचा. शाई वाळून वाळून त्याच्या कडा कडक झाल्यात आणि मागचं गोणपाट एका कोपऱ्यात सुटलंय. त्यावर मी कोरलेला बैल आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातलं काम. त्याचे पंचवीस प्रिंट काढले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा घातला, सही केली. त्यातले सतरा विकले गेले. कुणाच्या बैठकीत, कुणाच्या दवाखान्यात तो बैल आज टांगलेला आहे. लोकांना तो आवडला, आणि सगळ्यात जास्त आवडली ती त्याच्या अंगावरची झूल.

त्या झुलीबद्दल मला लिहायचं आहे. कुणी जाब विचारलेला नाही. पण खण उघडला की हात तिथंच अडतो, आणि आता इतकी वर्षं झाल्यावर ते स्वतःशी तरी सरळ बोलावं असं वाटतं.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या भागात. कापूस, तूर, थोडी ज्वारी. २०१८ च्या पोळ्याला मी मुद्दाम तिकडे गेले होते, कारण त्या सत्रात आम्हाला प्राण्यांची स्केचेस करायची होती आणि त्यातून एक मुद्राचित्र. नागपूरच्या महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जाऊन मी कंटाळले होते. मामाकडे गवळाऊ जातीची जोडी होती. पांढरीशुभ्र, उंच पायांची, लांबट तोंडाची, आमच्या वर्धा-नागपूर भागातली खास जात. एकाचं उजवं शिंग टोकाशी तुटलेलं होतं. मी त्यालाच निवडलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहतं, तो खांदा त्या संध्याकाळी शेकायचा. मामीनं लोणी कढवून त्यात हळद कालवली होती. मामा पळसाचं पान त्यात बुडवून बैलाच्या मानेवर फिरवत होता, वशिंडाच्या पुढच्या बाजूला, जिथं जू टेकतं तिथं. मी दोन हातांवर पाटावर बसून काढत होते. पान त्या जागी लागलं आणि बैलाची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. माशी नव्हती. मी उठून जवळ गेले. तळहाताएवढी जागा होती. केस गेलेले, कातडी जाड आणि काळपट, एका कडेला फुटलेली, फुटल्या ठिकाणी ओलसर. मामा पान फार हलक्या हातानं लावत होता. मग त्यानं बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं, दरवर्षी देतात तसं.

ती जागा मी काढली. सहा-बी पेन्सिलीनं, नीट निरखून. केसांची कड कुठं संपते, सुरकुत्या कुठून कुठं जातात, फुटलेली कड कशी वर उचललीय. ते पान माझ्या वहीत आजही आहे, आणि त्या सगळ्या वहीतलं ते सगळ्यात चांगलं रेखाटन आहे. म्हणून मला दिसलंच नव्हतं असं म्हणायची सोय माझ्यापाशी नाही.

नागपूरला परत आल्यावर ऑक्टोबरात ब्लॉक घेतला. लिनो गार असला की कडक असतो, गाऊज, म्हणजे कोरायचं हत्यार, अडकतो, आणि जोर लावला की सटकून डाव्या हाताच्या बोटात शिरतो. थंडीत आम्ही उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायचो. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर दहा मिनिटं ठेवला तरी पुरायचं, मग गाऊज लोण्यातून गेल्यासारखा जातो. पांढरा बैल लिनोत कोरायचा म्हणजे जवळजवळ सगळं अंग काढून टाकावं लागतं. जे कोरलं ते कागदावर पांढरं, जे ठेवलं ते काळं. त्या हिशेबानं खांद्यावरची ती काळपट जागा ठेवायला हवी होती. मी पेन्सिलीनं ब्लॉकवर ती आखलीही होती. लांबून पाहिलं तर ती डागासारखी दिसत होती. शाईचा रोलर चुकून टेकावा तशी. बघणाऱ्याची नजर आधी तिथं जाणार आणि अंगाची लय मोडणार, असं मला वाटलं. मी खोडरबर घेतलं आणि बैलाच्या अंगावर झूल आखली. पाठीवरून पुढं ओढून वशिंडावर, तिथून मानेपर्यंत. तिच्यावर वेलबुट्टी, काठ, गोंडे, आणि गोल आरसे. त्या जागेवर नेमके तीन आरसे आले. ते कोरायला मला दोन संध्याकाळ लागल्या.

हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. चित्रकार निवड करतोच, काही ठेवतो, काही सोडतो. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण सोडण्या-सोडण्यात फरक असतो, आणि कुठलं सोडणं कोणत्या कारणानं झालं हे सोडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मी ती जागा चित्रासाठी सोडली नाही. वाहवा हवी होती म्हणून सोडली. सणाचा बैल लोकांना आवडतो, जू ओढून फुटलेल्या खांद्याचा बैल भिंतीवर कोण लावतं, हा विचार माझ्या मनात शब्दांसकट आला होता. तो विचार मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आणि ती एकच वेळ नव्हती.

महाराजबाग आमची पहिली शाळा. भोसल्यांच्या काळातली बाग, आता कृषी महाविद्यालयाकडे असलेली, शहराच्या ऐन मध्यात. पहिल्या वर्षापासून आम्ही तिथं स्केचिंगला जायचो. हरणं, अस्वल, बिबट्या, वाघ. मी काढलेल्या तिथल्या एकाही चित्रात जाळी नाही. गज नाहीत, पाण्याचं सिमेंटचं टाकं नाही. वाघ एकाच वाटेनं येरझारा घालायचा, इतका की जमिनीवर त्याची पायवाट पडली होती. कागदावर मात्र मी त्याच्या पायाखाली गवत काढायची. अजब बंगल्यातही तेच. १८६३ साली सुरू झालेलं ते मध्यवर्ती संग्रहालय, तिथले पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत म्हणून अभ्यासाला सोपे. मी त्यांच्या काचेच्या डोळ्यांत चमक घालून त्यांना जिवंत करायची आणि पोटाखालची शिवण गाळून टाकायची. सरावाच्या वयात हे चालतं, असं कुणी म्हणेल. मला वाटतं सवय त्याच वयात लागते. हात जे रोज गाळतो ते डोळा हळूहळू बघायचंच सोडतो.

बैल कोरला त्या वर्षी पांढरकवड्याच्या रानात टी-वन वाघीण होती. लोक तिला अवनी म्हणत. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घालण्यात आली आणि शवविच्छेदनासाठी तिला आमच्या नागपुरात, गोरेवाड्याला आणलं. तिचे दोन बछडे मागं राहिले. त्या आठवड्यात सगळीकडे तोच विषय होता, लोक खरोखर हळहळत होते, मीही हळहळले. आणि हळहळतानाच एका रात्रीत एक लहान लिनो कोरला: वाघीण आणि तिच्या पोटाशी दोन बछडे. तिचा चेहरा महाराजबागेतल्या वाघाचा होता, फक्त गज काढलेले. बछडे कुणा छायाचित्रकाराच्या फोटोवरून उचललेले, त्याचं नाव मी शोधलंही नाही. त्या चित्रावर जितकी शाबासकी मिळाली तितकी मला आधी कधी मिळाली नव्हती.

त्या चित्रात एकही माणूस नव्हता. मेलेल्या तेरा जणांतल्या एकाचीही सावली नव्हती. ज्या भागात माझं आजोळ आहे, जिथं माझी मामी त्या पावसाळ्यात एकटी शेतात जायला घाबरत होती, त्या भागाबद्दलचं ते चित्र होतं. वाघिणीसाठी रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मी अर्धीच गोष्ट सांगत होते, आणि उरलेली अर्धी मला घरातूनच माहीत होती.

पुढं विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनात बैल आणि वाघीण दोन्ही लागले. बैलाला बक्षीस मिळालं. वाघिणीपुढं एक वयस्कर बाई बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “बाळा, वाघ कुठं पाहिलास गं इतका जवळून?” मी म्हटलं, “ताडोब्यात.” एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. मी पुढं मोहर्लीचं गेट सांगितलं, पहाटेचं धुकं सांगितलं, जिप्सी कशी थांबली ते सांगितलं. त्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते चित्र विकत घेतलं. मी ताडोबा त्यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतरही गेलेली नाही. जायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा काहीतरी कारण काढलं. तिथं गेले तर ते खोटं पुसलं जाईल असं वाटतं, आणि ते पुसलं जायला नको.

मुद्राचित्रांचा इतिहास शिकताना आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा प्रत्येकाला भेटतो. १५१५ सालचा वुडकट. तो गेंडा मूळ गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगिजांना दिलेला, गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेलेला. ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. जर्मनीत बसून दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्यानं ब्लॉक केला, आणि गेंड्याच्या मानेमागे, खांद्यांच्या वर, एक जास्तीचं शिंग बसवलं. पुढची अडीच-तीनशे वर्षं युरोपातल्या कित्येक पुस्तकांत गेंडा त्या शिंगासकट छापला गेला. एकदा ब्लॉकवर चढलेली चूक किती लांब जाते, एवढंच तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं. आता ती गोष्ट वेगळीच टोचते. ड्यूररनं न पाहिलेल्या जनावराच्या खांद्यावर नसलेलं शिंग घातलं. मी पाहिलेल्या जनावराच्या खांद्यावरची असलेली जखम काढली. आणि खरा गेंडा? पोर्तुगालच्या राजानं तो पुढं पोपला भेट पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. त्याला साखळदंडानं बांधलेलं होतं. बुडाला. गोव्याहून निघालेल्या त्या जनावराची चिलखतासारखी कातडी सगळ्या जगाला पाठ आहे, साखळदंड चित्रात नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामा नागपूरला आला होता, मेडिकलला कुणा नातेवाइकाला भेटायला. रात्री आमच्याकडे मुक्कामाला होता. आईनं कौतुकानं माझा बक्षिसाचा बैल भिंतीवर लावलेला. मामा चहाचा कप हातात घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. बराच वेळ.

“हा आपलाच न बाई?”

“हो मामा.”

“मंग याचं डावं शिंग कसं तुटलं? आपल्याचं तं उजवं होतं.”

प्रिंट उलटा येतो. ब्लॉकवर चित्र उलटं उतरवून घ्यायचं असतं, ते मी विसरले होते, आणि परीक्षकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत कुणाच्या ते ध्यानात यायचं कारणही नव्हतं. मामाच्या एका नजरेत आलं. मी समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. पुन्हा बघत राहिला. मग म्हणाला, “अन् झूल येवढी म्होरं येत नाई, बाई. वशिंडाच्या मांगंच राह्यते ते.”

मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. त्याला कळलं होतं. ज्यानं स्वतःच्या हातानं तिथं लोणी-हळद लावली त्याला, झुलीखाली काय आहे, हे सांगावं लागत नाही. थोड्या वेळानं, जेवताना, तो आपणहून बोलायला लागला, चित्राचं नाव न काढता. त्या पावसाळ्यात वाघिणीच्या भीतीनं लोक चारच्या आत शेतातून घरी यायचे. सकाळी उशिरा जायचे, घोळक्यानं. डवरणी तर वेळेत व्हायलाच हवी होती, नाहीतर तण पऱ्हाटी गिळतं. म्हणून जे काम दोन वेळांत व्हायचं ते भर दुपारी एका दमात करावं लागलं, मध्ये जू न उतरवता. त्यात जोडीतला दुसरा बैल पायानं अधू झालेला, सगळं ओझं एका अंगावर यायचं. “समजत होतं मले,” तो म्हणाला, “पण काय करतं?” आणि ताटातली भाकरी मोडत राहिला.

म्हणजे ती वाघीण आणि तो खांदा एकाच गोष्टीचे दोन भाग होते. मी त्या एकाच सत्रात, एकाच टेबलावर, दोन्ही चित्रं कोरली, आणि त्यांना जोडणारं जे होतं ते दोन्हीकडून काढून टाकलं. एकातून माणसं काढली, दुसऱ्यातून जखम. ते जोडणारंच माझ्या हाताशी आलेलं सगळ्यात खरं चित्र होतं. मामाला मी तेव्हाच, पाटावर बसून, विचारलं असतं की हे कशानं झालं, तर त्यानं तेव्हाच सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला आकार हवा होता, बैल नको होता.

यानंतर बरेच दिवस मी स्वतःची एक समजूत घातली होती. ती अशी की मी मामाला झाकलं. शहरातल्या लोकांनी ती जखम पाहिली असती तर बैलाला छळणारा शेतकरी म्हणून नावं ठेवली असती, म्हणून मी प्रेमापोटी झूल ओढली. ऐकायला बरं वाटतं. पण रात्री दिवा मालवल्यावर मी त्या ऑक्टोबरच्या गच्चीवर परत जाते तेव्हा तिथं मामाचा विचार कुठंच सापडत नाही. खोडरबर हातात घेतानाही नाही, आरसे कोरतानाही नाही. ते कारण मी नंतर शोधलं, त्या जेवणाच्याही नंतर. आधी चूक केली, मग तिला मामाच्या नावाचं पांघरूण घातलं. यातलं दुसरं मला पहिल्यापेक्षा जास्त खुपतं.

मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही मालिका मी शेवटच्या वर्षात पहिल्यांदा नीट पाहिली, तीही छापील पुस्तकात. तरुणपणी त्यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याची चित्रं केली होती. सत्तरच्या दशकातल्या या मालिकेत त्यांनी माणूस काढणंच बाजूला ठेवलं. मातीच्या मऊ पाटीवर वार करायचे, त्याचा साचा घ्यायचा, त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्या कागदावर पांढरी फूट, पांढरा व्रण, कुठं लालसर ठिपका. चेहरा नाही, अंग नाही, पार्श्वभूमी नाही. नुसती जखम. पुस्तक मांडीवर ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. त्यांनी सगळं सोडलं आणि जे ठेवलं ते तेवढंच एक होतं. मी सगळं ठेवलं आणि सोडलं ते तेवढंच.

त्यानंतर मी ब्लॉक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. झुलीचा पुढचा भाग कोरून काढला तर मान पांढरी होते, ते जमण्यासारखं होतं. पण ती जागा काळी हवी, भरीव हवी, आणि तिथं तीन आरसे आहेत. आरसा म्हणजे खड्डा. तिथला लिनो बोटाच्या नखाएवढ्या सालींमध्ये निघून केव्हाच कचऱ्यात गेला. पेंटिंगमध्ये वरून रंग चढवता येतो. लिनोत काढलेलं परत ठेवता येत नाही. रीत अशी आहे की एडिशन संपली की ब्लॉकवर आडवी-उभी रेघ मारून तो रद्द करायचा. मी हत्यार हातात घेऊन बसले आणि रेघ मारली नाही. रद्द केला असता तर मोकळं वाटलं असतं, आणि ते मोकळेपण मी कमावलेलं नव्हतं. उरलेले आठ प्रिंट विकणं मात्र बंद केलं. प्रिंट घेणाऱ्यांपैकी जे ओळखीचे आहेत त्यांतल्या तिघांना आजवर सगळं सांगितलं. एकानं प्रिंट परत करू का विचारलं, एकानं विषय बदलला, एकीनं वहीतलं पान दाखव म्हटलं. ताडोब्याच्या बाई कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. त्यांचं देणं तसंच आहे.

वहीतल्या त्या पानावरून मी नवा ब्लॉक करतेय. या वेळी ट्रेसिंग उलटं करून घेतलंय, उजवं-डावं जागच्या जागी येईल. फक्त मान, वशिंड आणि ती जागा. बाकी काही नाही. काम फार हळू चाललंय, कारण तिथं जवळजवळ काहीच कोरायचं नसतं. काय ठेवायचं तेवढं ठरवायचं असतं, आणि प्रत्येक साल काढताना हात थांबतो. दोन प्रूफ काढले. दोन्हींत ती जागा सुंदर दिसली. सुंदर दिसली म्हणून फाडले. हे बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. त्या बैलाच्या दुखण्यातून मी पुन्हा एकदा स्वतःसाठी काही उभं करतेय का, हा प्रश्न गाऊज हातात घेतला की समोर येऊन बसतो.

बैल आता नाही. दोन्ही विकले गेले, आधी अधू होता तो आणि पुढच्या वर्षी दुसरा. मामा भाड्याच्या ट्रॅक्टरनं वखरणी करतो. गेल्या पोळ्याला मी आदल्या दिवशीच गेले होते. वही नेली नव्हती. गोठ्यात सरपण रचलेलं होतं. मामीनं बाजारातून मातीची बैलजोडी आणली होती, पूजेसाठी, आणि ती पाटावर मांडली होती. संध्याकाळी तिनं वाटीत लोणी आणि हळद कालवली. मामानं पाटाशी बसून पळसाचं पान घेतलं, पण पान त्या चिमुकल्या बैलांसाठी फार मोठं होतं. ते त्यानं बाजूला ठेवलं आणि बोट वाटीत बुडवलं. मातीचं ते बोटभर वशिंड, त्याच्या पुढची जागा. तिथं त्यानं बोट फिरवलं, अगदी हलक्या हातानं.